संगणकाचे सुटे भाग आणि खोक्यावर न छापलेली माहिती

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुटे भाग आणून घरीच संगणक जोडण्याविषयी वर्तमानपत्रांतून जे मार्गदर्शन प्रसिद्ध होते, त्यातली बहुतेक जागा प्रोसेसर (सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप) आणि ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) यांच्या तुलनेने व्यापलेली असते. कोणता प्रोसेसर किती वेगवान, कोणते कार्ड कोणत्या खेळात सेकंदाला किती चित्रे दाखवते, याची कोष्टके वाचकाला मिळतात. परंतु हातात मोजकेच पैसे असलेल्या माणसाचे नुकसान एक पायरी खालचा प्रोसेसर घेतल्याने सहसा होत नाही. ते होते दोन भाग एकमेकांशी न जुळल्याने. खोके उघडले की वस्तूची किंमत उतरते, विक्रेता ती परत घेईलच याची खात्री नसते, आणि एक भाग बदलायला गेले की त्याच्या जोडीचा दुसराही बदलावा लागतो. ज्याच्याकडे भरपूर पैसे आहेत तो नव्यातले नवे आणि सारे एकाच पिढीचे भाग घेतो, त्यामुळे त्याला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. मागच्या पिढीचा मदरबोर्ड (बाकीचे सारे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड), सवलतीत मिळालेला प्रोसेसर आणि कोणीतरी वापरलेले ग्राफिक्स कार्ड अशी मोट बांधणाऱ्यालाच तो गाठतो. माझे म्हणणे एवढेच आहे की जुळणी ठरवणारी माहिती उत्पादकांकडे तयार असते, पण ग्राहक जिथे निर्णय घेतो तिथे, म्हणजे खोक्यावर आणि विक्रीच्या यादीत, ती नसते; आणि ती तिथे यावी यासाठी वर्तमानपत्रांनीही थोडा आग्रह धरावा.

वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेले भाग एका कॅबिनेटमध्ये बसून एकत्र चालतात, हीच मुळात मोठी सोय आहे. १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणताना त्याची रचना बऱ्याच अंशी खुली ठेवली आणि इतर उत्पादकांनी त्या रचनेवर आपापले भाग बेतले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले आणि मदरबोर्डचे माप, स्क्रूंच्या जागा, वीजजोडणी या गोष्टी ठरून गेल्या. आजही एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४चा आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०चा असतो, आणि त्या मापाच्या कोणाच्याही कॅबिनेटमध्ये तो बसतो. मात्र या सोयीतून एक गैरसमजही रुजला, तो असा की जे बसते ते चालते.

हा समज सर्वांत आधी सॉकेटपाशी, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर जिथे बसतो त्या जागेपाशी, खोटा ठरतो. इंटेलच्या सहाव्या पिढीचे प्रोसेसर २०१५ मध्ये एलजीए ११५१ या सॉकेटसह आले, सातवी पिढीही त्याच सॉकेटवर आली, आणि २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीलाही ११५१च संपर्कबिंदू होते. आकार तोच, खाचा त्याच, तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर आधीच्या १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर (बोर्डावरच्या नियंत्रक चिपवर) चालत नव्हता. त्यासाठी ३०० मालिकेचा बोर्ड लागत असे. जुने भाग घेणाऱ्यांच्या वाट्याला हा घोटाळा आजही येतो, कारण जाहिरातीत ‘सॉकेट ११५१’ एवढेच लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या एएम४ सॉकेटची गोष्ट याच्या उलट आहे. २०१७ मधील पहिल्या रायझन प्रोसेसरपासून २०२० च्या अखेरीस आलेल्या ५००० मालिकेपर्यंत सगळ्या पिढ्या त्यावर आल्या आणि २०२४ मध्येही त्यासाठी नवे प्रोसेसर बाजारात आणले गेले. बेताच्या खर्चात जोडणी करणाऱ्यांना हा सॉकेट प्रिय आहे तो याच दीर्घायुष्यामुळे. पण त्याच दीर्घायुष्यातून बायोसचा, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा, प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते सगळ्या जुळणीत सर्वांत जास्त मनस्ताप देणारा प्रश्न तोच आहे.

एएम४ बोर्डांवरचा बी४५० हा चिपसेट २०१८ साली आला. त्या वेळी कारखान्यातून बाहेर पडलेल्या बोर्डावरील बायोसला २०२० पासून आलेल्या ५००० मालिकेच्या प्रोसेसरांची ओळख असण्याचे कारणच नाही. असा बोर्ड आणि रायझन ५ ५६०० घरी आणून जोडला, की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडद्यावर काहीही येत नाही. जोडणारा नवखा असेल तर तो आधी रॅम (मेमरीच्या पट्ट्या) काढून पुन्हा बसवतो, मग केबल बदलतो, मग प्रोसेसर खराब निघाला असे ठरवून तो परत करायला जातो. आणि खरे तर एकही भाग खराब नसतो. बोर्डाला नवी बायोस हवी असते, आणि ती घालण्यासाठी बोर्ड सुरू व्हायला हवा, तो तर आधीच्या पिढीच्या प्रोसेसरशिवाय सुरू होत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याचे बटण असते. ज्या बोर्डावर ते नाही, त्याच्या मालकाला कोणाकडून तरी जुना प्रोसेसर मागून आणावा लागतो किंवा दुरुस्तीवाल्याला पैसे द्यावे लागतात. इंटेलच्या बाजूलाही हेच घडले आहे: एलजीए १७०० सॉकेटच्या ६०० मालिकेचे जे बोर्ड बाराव्या पिढीच्या वेळी तयार झाले, त्यांना २०२२ च्या उत्तरार्धात आलेल्या तेराव्या पिढीसाठी बायोस बदलून घ्यावी लागते.

यात आणखी एक पेच आहे. मे २०२० मध्ये एएमडीने आधी जाहीर केले होते की ४०० मालिकेच्या बोर्डांवर (बी४५० त्यांतलाच) पुढच्या पिढीचे प्रोसेसर चालणार नाहीत. ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीने तो निर्णय फिरवला हे चांगलेच झाले, पण त्या वेळी दिलेले कारण विसरण्यासारखे नाही: अनेक बोर्डांवरील बायोसची चिप १६ मेगाबाइटचीच होती आणि तीत सगळ्या पिढ्यांची माहिती मावत नव्हती. त्यामुळे काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून सर्वांत जुन्या प्रोसेसरांची सोय काढून टाकावी लागली. म्हणजे नवी बायोस भरली की सगळे काही चालू लागते असेही नाही. ज्या जुन्या प्रोसेसरच्या आधाराने ती भरली, तोच त्या बोर्डावर पुढे चालेनासा झाला असेही होऊ शकते.

या सगळ्याची उत्तरे उत्पादकाच्या संकेतस्थळावर असतात. प्रत्येक बोर्डाच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि तिच्या एका रकान्यात अमुक प्रोसेसर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो हेही दिलेले असते. त्या यादीतही एक बारीक गोष्ट पाहावी लागते: काही उत्पादक एकाच नावाच्या बोर्डात नंतर फेरफार करतात आणि बोर्डाच्या कोपऱ्यात ‘रिव्हिजन १.०’, ‘१.१’ असे बारीक अक्षरांत छापतात, आणि प्रत्येक रिव्हिजनचे पान वेगळे असते. एवढे सगळे पाहिले तरी शेवटी कळते ते असे की आवृत्ती अमुक हवी. समोर ठेवलेल्या बंद खोक्यातल्या बोर्डावर कोणती आवृत्ती आहे, ते मात्र कळत नाही. जुळणी तपासून देणाऱ्या संकेतस्थळांनाही ते सांगता येत नाही, कारण ते त्या एका खोक्यापुरते असते. हे छापणे अवघड आहे असे कोणी म्हणेल तर ते पटण्यासारखे नाही. ‘रायझन ५००० साठी सज्ज’ अशा अर्थाचे स्टिकर अनेक बोर्डांच्या खोक्यांवर लावले गेलेच होते. जे विक्री वाढवण्यासाठी जमते, ते अनुक्रमांकाच्या पट्टीवर बायोसची आवृत्ती छापण्यापुरतेही जमायला हवे.

प्रोसेसरच्या नावातील शेवटच्या अक्षराकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि ते महागात पडते. इंटेलच्या नावाअखेरीस ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते. एएमडीच्या ५००० मालिकेत ‘जी’ अक्षर असलेल्यांतच ती सोय असते. ७००० मालिकेपासून बहुतेकांत जुजबी सोय आली, पण तिथेही ७५००एफ सारखे अपवाद आहेत. ग्राफिक्स कार्ड नंतर घेऊ, तोवर असेच चालवू, असे ठरवून ‘एफ’चा प्रोसेसर आणणाऱ्याला बोर्डाच्या मागे एचडीएमआयचे तोंड दिसते, तो त्यात केबल लावतो आणि काळ्या पडद्याकडे बघत बसतो. ते तोंड बोर्डावर असले तरी चित्र प्रोसेसरमधून यायचे असते. विक्रीच्या यादीत मात्र बोर्डापुढे ‘एचडीएमआय आहे’ एवढेच लिहिलेले असते.

म्हणून बेताच्या खर्चाची जोडणी करताना माझ्या मते पहिला प्रश्न प्रोसेसरचा नसून वेगळे ग्राफिक्स कार्ड लागणार आहे की नाही, हा आहे. लेखन, हिशेब, अभ्यास, चित्रपट पाहणे एवढेच काम असेल तर अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर घेऊन कार्डाचा खर्च पूर्णपणे वाचवावा. पुढे कार्ड लावायचे असेल तर हाच प्रोसेसर थोडा आडवा येतो, हे मात्र आधी माहीत असावे. रायझन ५ ५६००जी आणि रायझन ५ ५६०० ही नावे भावाभावांसारखी वाटतात. पण ५६००जी मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, १६ मेगाबाइट आहे आणि ५६०० मध्ये ३२, शिवाय ५६००जी पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्डाशी माहितीची ये-जा करणाऱ्या मार्गाच्या, तिसऱ्या पिढीवरच थांबतो. बोर्ड बी५५० चा असला, त्याच्या खोक्यावर ‘पीसीआय एक्स्प्रेस ४.०’ असे ठळक छापलेले असले, तरी ग्राफिक्स कार्डाचा मार्ग प्रोसेसरमधून जात असल्यामुळे तिथे ३.० चाच वेग मिळतो.

बहुतेक कार्डांना याने फारसा फरक पडत नाही, पण स्वस्त कार्डांना पडतो. २०२२ च्या जानेवारीत आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड लांबलचक १६ पदरी (पदर म्हणजे लेन, माहिती जाण्याची एक वाट) खाचेत बसते, पण प्रत्यक्षात चारच पदर वापरते. चौथ्या पिढीच्या चार पदरांतून सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट माहिती जाते आणि तिसऱ्या पिढीच्या चार पदरांतून त्याच्या निम्मी. त्या कार्डाची स्वतःची मेमरी ४ गिगाबाइटच असल्याने ती भरली की माहिती वारंवार याच अरुंद वाटेने ये-जा करते आणि खेळ अडखळतो. नवा बोर्ड असलेल्या माणसाला हे जाणवत नाही; जुना बोर्ड किंवा ‘जी’ प्रोसेसर असलेल्याला जाणवते, आणि हे कार्ड घेण्याची वेळ बहुधा त्याच्यावरच येते. तीन भाग प्रत्येकी निर्दोष आहेत, तिन्ही बसतात, तिन्ही चालतात, आणि तरीही त्यांची एकत्र निवड चुकलेली असते. एकेका भागाची परीक्षा घेणाऱ्या लेखांत हे कधीच दिसणार नाही.

नावाचा घोळ त्याहून वाईट. जीटी १०३० हे छोटे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरी लावूनही विकले जाऊ लागले. पहिल्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट, दुसऱ्याचा १७ च्याही आत. नाव एकच, म्हणून वाचक परीक्षण वाचतो पहिल्याचे आणि घरी आणतो दुसरे. याला चूक म्हणावे की चलाखी, हे ज्याने त्याने ठरवावे. मला ती चलाखी वाटते.

रॅमच्या बाबतीत निदान शरीररचनाच पहारा करते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी जात नाही, आणि जोर लावणाऱ्याचे नुकसान होते. एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर५ शिवाय पर्याय नाही. एलजीए १७०० च्या बोर्डांत मात्र दोन्ही प्रकार मिळतात, कधी कधी जवळजवळ त्याच नावाने, म्हणून आधी बोर्ड नक्की करावा आणि मगच रॅम घ्यावी. अंगभूत ग्राफिक्सवर अवलंबून राहायचे असेल तर १६ गिगाबाइटच्या एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात, असा माझा स्पष्ट आग्रह आहे: डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती मिळते, दोन वाहिन्यांवरच्या दोन पट्ट्यांतून ५१.२, आणि अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्याने त्याची सारी भिस्त याच आकड्यावर असते. ज्याच्याकडे वेगळे कार्ड आहे आणि ज्याच्या बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा आहेत, त्याने आज एक १६ ची पट्टी घेऊन पुढे तशीच दुसरी आणायची ठरवले तर ते समजण्यासारखे आहे; पण दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या जाहीर केलेल्या वेगाने एकत्र चालतीलच, याची हमी कोणीही देत नाही. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या लावताना प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. शंका असल्यास बोर्डाची पुस्तिका पाहावी. आणि पाकिटावर छापलेला वेग आपोआप मिळत नाही, तो बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय चालू केल्यावर मिळतो. कित्येक घरांत जास्त पैसे मोजून आणलेली वेगवान रॅम केवळ हे न केल्याने वर्षानुवर्षे कमी वेगाने चालत असेल.

आता ज्या भागावर सर्वांत आधी काटकसर केली जाते आणि करू नये, त्याविषयी. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, बऱ्याचदा कॅबिनेटसोबत जवळपास फुकट मिळते आणि तिच्यावर ‘४५० वॉट’ किंवा ‘५०० वॉट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. तो आकडा सोडून द्यावा आणि बाजूच्या पट्टीवरचे कोष्टक वाचावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांनाही १२ व्होल्टच्या मार्गावरून वीज मिळते. त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉटच या दोघांच्या वाट्याला येतात, वरचा मोठा आकडा काहीही असो. आरएक्स ६६०० हे कार्ड एकटेच १३२ वॉट घेते. ज्या प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॉट छापलेले आहेत तोही पुरते काम लागल्यावर तेवढ्यावर राहत नाही: इंटेलच्या १२४०० या प्रोसेसरची कमाल मर्यादा ११७ वॉटची आहे आणि एएमडीच्या एएम४ वरील ६५ वॉटवाल्यांची ८८ वॉटची. बेरीज करून पाहिली की पट्टीवरचे २१६ वॉट ओलांडले गेल्याचे लगेच दिसते. ‘८० प्लस’चे चिन्ह असेल तर ते वीज किती वाया जाते एवढेच सांगते, व्होल्टेज किती स्थिर राहते, जास्त भार आल्यावर पेटी स्वतःला वेळेवर बंद करते की नाही, हे त्यावरून कळत नाही. चिन्ह नसलेली पेटी घेऊ नये हे खरे, पण चिन्ह पाहून निर्धास्तही होऊ नये.

कार्डाला जोडायचे आठ पिनांचे टोक पेटीला नाही, म्हणून साटा-वीजजोडणीवरून (हार्ड डिस्कसारख्या भागांना वीज देणाऱ्या टोकावरून) ते बनवून देणारी छोटी केबल सर्रास विकली जाते. साटाच्या त्या टोकाची १२ व्होल्टवरची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट आहे, आणि कार्डाचे आठ पिनांचे टोक १५० वॉट मागू शकते. अशी केबल वितळल्याची उदाहरणे आहेत. ती विकत घ्यावी लागत असेल तर एसएमपीएसच अपुरी आहे असे समजावे. सुट्ट्या केबलांच्या, म्हणजे मॉड्युलर, पेट्यांबाबतही एक सावधगिरी हवी. केबलचे संगणकाकडचे टोक प्रमाणित असते, पेटीकडचे नसते. एका पेटीची केबल दुसऱ्या पेटीत चपखल बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असल्याने हार्ड डिस्कला ५ च्या जागी १२ व्होल्ट मिळू शकतात. तेव्हा पेटी बदलली की केबलाही बदलायच्या, जुन्या केबला कितीही नीट बांधून ठेवलेल्या असोत.

वापरलेले भाग घेण्याला माझा विरोध नाही. उलट बेताच्या खर्चात तोच सर्वांत शहाणपणाचा मार्ग असू शकतो. फक्त तिथे तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, भाग कार्यालयीन ब्रँडेड संगणकातून काढलेला आहे का. अशा संगणकांचे बोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या पेट्या अनेकदा एटीएक्स मानक पाळत नाहीत, त्यामुळे २४ पिनांच्या टोकाऐवजी भलतेच टोक निघते आणि पुढे पेटी बदलता येत नाही. त्यातून काढलेले एएमडीचे काही व्यावसायिक प्रोसेसर तर सुरक्षेच्या सोयीमुळे त्या उत्पादकाच्याच बोर्डांशी कायमचे बांधले गेलेले असतात आणि दुसऱ्या कोणाच्या बोर्डावर सुरूच होत नाहीत. दुसरी, प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे का. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि ११ साठी टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीसोबत साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका व त्यापुढचे प्रोसेसर लागतात. इथेही नाव फसवते: रायझन ३ २२००जी हा नावाने २००० मालिकेतला आहे, पण त्याची अंतर्रचना पहिल्या पिढीची असल्याने तो यादीत नाही. लिनक्स वापरणाऱ्याला ही अडचण नाही, आणि साध्या घरगुती कामाला लिनक्स पुरेसे आहे. तिसरी गोष्ट पिनांची. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. थंड संगणकातून कूलर (प्रोसेसरवर बसणारा, त्याला थंड ठेवणारा भाग) सरळ वर ओढला तर दोघांमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर कुलूपबंद सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटूनच बाहेर येतो आणि कडेच्या पिना वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून गरम करावा, बंद करून वीज काढावी, कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे पिळावा आणि मग उचलावा. विकत घेणाऱ्याने प्रोसेसर उलटा धरून पिनांच्या ओळी तिरप्या नजरेने पाहाव्यात; वाकलेली पिन ओळीतून लगेच वेगळी दिसते.

बाकीचे भाग तुलनेने सरळ आहेत. एलजीए १७०० साठी कूलरच्या छिद्रांमधील अंतर आधीच्या ७५ मिलिमीटरवरून ७८ झाले, त्यामुळे जुना कूलर असेल तर त्याची नवी पट्टी मिळते का ते पाहावे. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी यांच्या मर्यादा दिलेल्या असतात, त्या मोजून घ्याव्यात. बोर्डावरच्या एम.२ खाचेत बसणारी एसएसडी (माहिती साठवणारा भाग) साटा प्रकारची आहे की एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी, आणि ती खाच कोणता प्रकार स्वीकारते, हे पुस्तिकेत असते. काही बोर्डांवर ती खाच भरली की साटाची एक-दोन तोंडे बंद होतात, हेही तिथेच लिहिलेले असते.

डीडीआर५ चा नवा संगणक पहिल्यांदा सुरू केल्यावर रॅमची पारख करण्यात बोर्डाला काही मिनिटे लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच असतो. हे माहीत नसलेला माणूस दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे असतात. गाडी कुठे अडली आहे ते त्यांतला पेटलेला दिवा सांगतो. बोर्ड निवडताना ते दिवे आहेत का हे पाहणे मला चकचकीत आवरणापेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी मागणी लहान आहे. वाचकांना एखादी जोडणी सुचवताना भागांच्या नावांसोबत एक चौकट द्यावी. तीत बोर्डाचे पूर्ण नाव रिव्हिजनसह असावे, सुचवलेला प्रोसेसर त्यावर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते असावे आणि प्रोसेसर नसताना बायोस भरता येते की नाही तेही असावे. त्या प्रोसेसरमधून चित्र मिळते का, ग्राफिक्स कार्ड किती पदर वापरते आणि या जोडणीत ते कोणत्या पिढीच्या वेगाने चालेल, रॅमच्या एकूण खाचा किती आणि त्यांतल्या किती रिकाम्या राहतील, आणि एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत, याचीही नोंद तिथे व्हावी. परीक्षणासाठी बोर्ड हाती आला, तर त्याच्या बंद खोक्यावरून बायोसची आवृत्ती कळत होती की नाही, हेही परीक्षकाने आवर्जून लिहावे. उत्पादकांवर त्याचा जेवढा परिणाम होईल तेवढा एकट्या-दुकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा होणार नाही. जागेची अडचण असेल, तर खेळांतील चित्रसंख्येचे एखादे कोष्टक वगळले तरी चालण्यासारखे आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक